जॉबरची रिकामी जागा

परळ आणि लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या दरवाजांतून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पुन्हा माणसांचे लोंढे आत जाऊ लागले आहेत. भोंगा होत नाही, हजेरीचे तिकीट नाही. गळ्यात ओळखपत्राची फीत असते आणि साच्यांच्या जागी संगणक असतात. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावे टिकली, सूत मात्र केव्हाच तुटले. या नव्या कचेऱ्यांच्या चालकांना सध्या एका जुन्याच प्रश्नाने ग्रासले आहे. हाताखालच्या माणसांना मनापासून कामाला लावील, अडचणीत त्यांच्या पुढे उभा राहील, असा माणूस कसा घडवावा? त्यासाठी शिबिरे भरतात, व्याख्याते बोलावले जातात, लोणावळ्याच्या हॉटेलात दोन दिवस मुक्काम होतो. नेत्याच्या ठायी दूरदृष्टी हवी, संवादकौशल्य हवे, सहानुभूती हवी, अशी गुणांची यादी शिबिरार्थींच्या हाती दिली जाते. यादीत चूक काढण्यासारखे काही नसते. रामदासांच्या काळापासून अशा याद्या महाराष्ट्राला परिचित आहेत. अडचण एवढीच, की यादी पाठ करून कोणी नेता झाल्याचे ऐकिवात नाही.

ज्या जमिनीवर हे सारे चालते, त्याच जमिनीवर शंभरांहून अधिक वर्षे लक्षावधी माणसांनी हाच प्रश्न रोजच्या रोज सोडवला, कधी चांगल्या रीतीने तर कधी अत्यंत वाईट रीतीने. त्या अनुभवाची आठवण शिबिरांत कोणी काढत नाही. गिरणगावाचा इतिहास म्हटले, की संप, पुढारी, मोर्चे आणि लाल बावटा डोळ्यांसमोर येतो. परंतु कारखान्याच्या आत, साच्यांच्या दोन रांगांच्या मधल्या अरुंद वाटेवर, जो माणूस दररोज नेतृत्व करत होता त्याचे नाव जॉबर. या माणसाकडे नीट पाहिल्याशिवाय कामाच्या ठिकाणचे नेतृत्व म्हणजे काय, हे मुंबईला तरी कळणार नाही.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला स्थापन केली आणि दोन वर्षांनी तिचे उत्पादन सुरू झाले. यंत्रे इंग्लंडमधून आली, ती चालवून दाखवणारे मास्तरही पुष्कळदा लँकेशायरमधून आले. कामगार मात्र रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा, पुण्याकडचा. मास्तराला मराठी येत नव्हते आणि कामगाराला इंग्रजी. या दोघांच्या मध्ये जो उभा राहिला तो जॉबर. कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांत त्याला सरदार म्हणत, मद्रासकडे मेस्त्री. मुंबईच्या गिरण्यांत कांडी भरणाऱ्या आणि सूत गुंडाळणाऱ्या बायकांवर नेमलेल्या बाईला नायकीण हे नाव होते. नावे निराळी, पण जागा तीच.

या जागेवरच्या माणसाच्या हाती काय काय होते, ते पाहिले म्हणजे आजचा कोणताही व्यवस्थापक चकित होईल. १९२९ साली नेमल्या गेलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली कमिशनने त्याची नोंद करून ठेवली आहे. माणसे भरणे जॉबरच्या हाती, काढणे त्याच्याच हाती. नवख्याला काम शिकवणे त्याचे, यंत्र बिघडले तर दुरुस्त करणे त्याचे, रजा द्यायची की नाही हे त्याच्या शब्दावर. गिरणीबाहेर त्याचा व्याप आणखी मोठा होता. गावाहून आलेल्या पोराला चाळीत पथारी टाकायला जागा, वाण्याकडे उधारी, खानावळीत नाव, अडीनडीला कर्ज, एवढे सगळे अनेकदा एकाच माणसाच्या ओळखीवर चाले. या साऱ्याची किंमत होती, तिला दस्तुरी म्हणत. नोकरी लागताना दस्तुरी, ती टिकवताना दस्तुरी, रजेवरून परत आल्यावर पुन्हा दस्तुरी. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी बदली कामगार ताटकळत उभे असत आणि त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटायची हे जॉबरच्या बोटाच्या खुणेवर ठरे. एवढी सत्ता हाती आल्यावर माणूस शहाणा राहणे कठीण असते. पुष्कळसे जॉबर राहिले नाहीत. बायकांच्या खात्यांतून तर ही सत्ता पैशापुरती थांबत नसे.

आपल्या माणसांची भरती आपल्या माणसाने करायची, या पद्धतीचा दुसरा परिणाम त्याहून खोल होता. साचेखात्यात मजुरी अधिक होती आणि त्या खात्याची दारे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होती. कांडी बदलताना धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला एकाचे ओठ लागले त्याला दुसऱ्याचे लागायचे, हे निमित्त त्यासाठी पुढे केले जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांना त्याचे उत्तर सोपे गेले नाही. जॉबरच्या गौरवाचे पोवाडे गाऊ पाहणाऱ्याने ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. आपल्या माणसांसाठी जीव टाकणारा नेता ‘आपली माणसे’ कोणाला म्हणतो, हा प्रश्न त्याच्या गुणांइतकाच महत्त्वाचा आहे.

बोटाची खूण आणि हाताचे कसब

तथापि जॉबर म्हणजे केवळ लाचखाऊ दलाल, हे कमिशनांच्या अहवालांतून पक्के झालेले चित्र अपुरे आहे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या चित्राची दुसरी बाजू तपशिलाने दाखवली. जॉबरची सत्ता मालकाने दिलेली असली, तरी ती टिकत होती कामगारांच्या मान्यतेवर. एका गिरणीत जॉबर एक नसे, अनेक असत आणि त्यांच्यात चढाओढ असे. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा शिमग्याला निम्मे खाते कोकणात गेले, की साचे चालू ठेवण्याइतकी माणसे उभी करणे ही जॉबरची जबाबदारी. ज्याच्याकडे माणसे यायला तयार नसत, त्याचे साचे बंद पडत आणि मग मास्तर त्याला विचारी. दस्तुरी अवाच्या सवा घेणाऱ्याची माणसे शेजारच्या जॉबरकडे जात. संपाच्या दिवसांत तर जॉबरपुढे मोठाच पेच उभा राही. मालकाच्या बाजूने उभे राहावे तर चाळीत तोंड दाखवायला जागा नाही, कामगारांच्या बाजूने राहावे तर नोकरी जाते. कित्येक जॉबरांनी चाळीची बाजू घेतली. ती तत्त्वनिष्ठेनेच घेतली असे समजण्याचे कारण नाही. चाळीशिवाय त्यांना जॉबरकी करताच आली नसती.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. विणकराची मजुरी कामावर, म्हणजे विणलेल्या कापडावर होती. साचा बंद पडला की त्याची कमाई त्या क्षणी थांबे. लाईन जॉबरच्या ताब्यात साच्यांची एक ठरावीक रांग असे आणि बिघडलेला साचा पुन्हा लावून देणे हे त्याचे काम. तो किती लवकर येतो, आल्यावर साच्याचे दुखणे त्याला किती लवकर ओळखता येते, चांगल्या सुताची बीम कोणाच्या साच्यावर चढते आणि पदोपदी तुटणारे सूत कोणाच्या वाट्याला जाते, यावर महिन्याच्या पगाराचा आकडा ठरे. म्हणजे जॉबर चांगला की वाईट, याचा निवाडा विणकर भावनेने करत नव्हता. पगाराच्या दिवशी तो हातात पडत होता. ज्याला हत्यारे चालवता येत नाहीत, अशा जॉबरने कितीही गोड बोलावे, खात्यात त्याला कोणी विचारत नसे. आणि तोंडाने फटकळ, पण कानाने साच्याचा आवाज ऐकून कोठे बिघडले ते सांगणारा जॉबर निवृत्त होऊन गावी गेल्यावरही आदराने आठवला जाई.

आजच्या यादीतील गुण आणि या माणसाचा गुण यांत जो फरक आहे, तो येथे दिसतो. शिबिरातील नेता माणसे ‘समजून घेतो’. जॉबर काम समजून घेत होता, आणि काम समजले म्हणजे त्या कामाने माणसाचे काय होते हेही त्याला आपोआप कळत होते. उन्हाळ्यात सूत कोरडे पडून तुटू लागले, की माणसे का चिडतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. तो स्वतः बदली म्हणून दरवाजाशी उभा राहिलेला असे.

हा मार्ग पुढे अरुंद झाला, आणि तो बंद करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. व्हिटली कमिशनने भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावेत अशी शिफारस केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. बदली कामगारांना कार्डे मिळाली आणि क्रमाने कामावर घेण्याची पद्धत सुरू झाली. दस्तुरीचा जोर ओसरू लागला. हे होणे आवश्यकच होते. दुसऱ्या बाजूला गिरण्यांच्या वरच्या जागांवर तांत्रिक शिक्षण घेतलेली माणसे येऊ लागली. १८८७ साली स्थापन झालेल्या आणि पुढे भायखळ्याहून माटुंग्याला गेलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतून शिकलेले तरुण मास्तर झाले. हेही स्वागतार्हच होते. परंतु या दोन सुधारणांचा मिळून एक परिणाम झाला, ज्याचा विचार कोणी केला नव्हता. जॉबरच्या हातून अधिकार गेले, जबाबदारी मात्र राहिली. आणि त्याच्या वरची पायरी शिक्षणाच्या दाखल्याने बंद झाली. खात्यात ज्याचे ऐकले जाते तो वर जाऊ शकत नाही आणि वर जो आहे त्याचे खात्यात ऐकले जात नाही, अशी स्थिती निर्माण झाली. मुंबईच्या कापडधंद्याच्या ऱ्हासाची कारणे देताना यंत्रांचे म्हातारपण, यंत्रमागांची स्पर्धा, करांचे धोरण, जमिनींचे भाव ही सगळी सांगितली जातात. ती खरीच आहेत; या तुटलेल्या शिडीचा उल्लेख मात्र क्वचित होतो.

रात्रशाळा, गाळा आणि वर्गणीची वही

मग गिरणगावातली नेतृत्वगुणांची माणसे गेली कोठे? ती गिरणीच्या बाहेर घडत राहिली. या बाहेरच्या शाळेचा पहिला मोठा विद्यार्थी नारायण मेघाजी लोखंडे. ते साच्यावरचे कामगार नव्हते. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर मांडवीच्या एका गिरणीत ते भांडारपाल होते, आणि १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालवले. गिरणीत येणारा-जाणारा माल ज्याच्या वहीत चढतो, त्याला खात्याखात्यातील व्यवहार दिसत असतो. १८८४ च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेऊन लोखंड्यांनी जो अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. त्या अर्जातील मागण्या पाहाव्यात. आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला उपचाराच्या काळात मदत. यांत मोठा शब्द एकही नाही. प्रत्येक मागणी कोणाच्या तरी अंगावरच्या दुखण्यातून आलेली आहे, आणि प्रत्येक मागणी मालकाला मान्य करता येईल इतकी मोजकी आहे. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. सहा वर्षे तीच मोजकी गोष्ट मागत राहण्याचा चिवटपणा हा नेतृत्वाचा गुण म्हणून शिबिरांच्या यादीत आढळत नाही. १८९७ साली प्लेगाच्या साथीत रुग्णांसाठी झटताना लोखंड्यांना मृत्यू आला.

लोखंडे अपवादात्मक होते. सामान्य माणसांची शाळा वेगळी होती. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा आणि वाचनालये परळच्या भागात चालत. गल्लोगल्ली व्यायामशाळा होत्या, भजनी मंडळे होती, मेळे होते. कोकणातल्या आणि घाटावरच्या एकेका गावाचे गाळे होते. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या वीस-पंचवीस गावकऱ्यांचे भाडे, भांडी, भांडणे आणि आजारपणे सांभाळायला त्यांच्यातूनच कोणी तरी पुढे यावे लागे. वर्गणी गोळा करायची, ती वहीत मांडायची, आणि सर्वांसमोर हिशेब वाचून दाखवायचा. आणा-दोन आण्यांची चूक निघाली तरी तासभर वाद होई. हिशेब चोख ठेवणारा आणि वाद झाल्यावर रागावून न उठणारा माणूस कोण, हे खोलीला दोन-तीन वर्षांत कळून येई. गावाला पत्र त्याच्याच हातचे जाई आणि लग्नाची बोलणी करायला तोच पुढे केला जाई. नेता निवडण्याची इतकी कसून परीक्षा आजच्या कोणत्याही कंपनीच्या मुलाखतमंडळाला घेता येणार नाही.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात या शाळेचे विद्यार्थी दिसले. गिरणी कामगार युनियनचे नाव घेताना कॉ. डांगे यांचे नाव प्रथम येते. परंतु त्यांच्याबरोबर अ. आ. आळवे आणि गो. रा. कासले हे गिरणीतून आलेले कामगारही होते आणि पुढे १९२९ च्या मीरत खटल्यात तेही आरोपी झाले. संपानंतर युनियनने गिरणीगिरणीत समित्या उभ्या केल्या. खात्यातील तक्रार खात्यातल्याच माणसाने मांडावी, ही त्यांमागची कल्पना. मालकांना त्या समित्या रुचल्या नाहीत आणि त्या फार काळ टिकल्याही नाहीत. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलण्याचा अधिकार दिला. वाटाघाटी सुकर व्हाव्यात, हा हेतू. प्रत्यक्षात खात्यात ज्याचे ऐकले जात होते त्याच्या तोंडाला कुलूप लागले. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावर चिडलेले कामगार आपणहून डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेल्याचे कधी जाहीरच झाले नाही. डॉ. सामंतांचे नेतृत्व योग्य होते की अयोग्य, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि लिहिले जाईल. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. इतक्या मोठ्या धंद्यात, सव्वाशे वर्षांनंतर, कामगारांना आपला माणूस धंद्याच्या बाहेर शोधावा लागला. तोही व्यवसायाने डॉक्टर. ही कामगारांची चूक म्हणावी की ज्यांनी आतली माणसे वाढू दिली नाहीत त्यांची?

गिरगावातली गच्ची

जॉबरच्या पद्धतीतील चांगले घेऊन वाईट टाकता येते काय, या प्रश्नाचे उत्तर गिरगावातील एका गच्चीवर मिळते. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपये. त्या सात जणींत जसवंतीबेन पोपट होत्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लिज्जत पापडाची ही कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. तिच्यातील दोन-तीन नियम मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

पहिला नियम नफ्या-तोट्याचा. नफा होवो वा तोटा, तो सर्वांनी वाटून घ्यायचा, आणि देणगी कोणाकडूनही घ्यायची नाही. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. ही युक्ती कोणा तज्ज्ञाने सुचवलेली नव्हती. तोटा ज्यांच्या अंगावर येणार, त्यांनीच ती शोधली. दुसरा नियम मालाच्या प्रतीचा. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करण्याचा विचार होता, एक चांगला आणि एक स्वस्तातला. प्रत एकच ठेवा आणि ती उतरू देऊ नका, असा छगनबाप्पांचा सल्ला पडला आणि तो मानला गेला. हिशेब चोख ठेवण्यावरही त्यांचा कटाक्ष होता. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. शाखेची संचालिका बाहेरून नेमून येत नाही, ती पापड लाटणाऱ्या बहिणींतूनच येते. पापड लाटण्यापासून सुरुवात केलेल्या स्वाती पराडकर पुढे संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. सात जणींची संस्था आज सुमारे पंचेचाळीस हजार जणींची झाली आहे. संचालिकेने एखादीचा पापड नापास केला, तर तिचा हात त्या लाटीवरून फिरलेला असतो. पीठ सैल होते की लाटणे घाईचे झाले, हे ती बोट लावून सांगू शकते. लाईन जॉबरचे हेच कसब होते. फरक असा, की इथे नापास करणारी आणि नापास होणारी दोघीही मालकीण आहेत, त्यामुळे दस्तुरी कोणी कोणाला द्यायची हा प्रश्नच उरत नाही.

गिरणगावाच्या अगदी मध्यावर आणखी एक उदाहरण आहे. गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचे हाल संपकाळात दुहेरी होत. जेवणारा उधारीवर जेवतच असे आणि वाणी रोख मागे. सावकाराचे व्याज वेगळेच. गोवा मुक्तिसंग्रामातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षे झाली होती. पण तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेची पायरी चढवणे सोपे नव्हते. गट करून एकीने दुसरीला जामीन राहायचे, हा मार्ग काढला गेला. प्रत्येक गटात एक प्रमुख असे. हप्ता चुकवणारीच्या घरी जाऊन तिची अडचण समजून घ्यायची आणि तरीही हप्ता वसूल करायचा, हे काम तिचे. या दोन गोष्टी एकदम साधणे किती अवघड आहे, ते कर्जवसुली केलेल्या कोणत्याही बँक अधिकाऱ्याला विचारावे. बहुसंख्य गटप्रमुखांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हते. त्यांना कोणी यादी दिली नव्हती. डबेवाल्यांच्या टोळीत मुकादम असतो, तोही असाच. एखादा गडी आला नाही तर त्याच्या वाटणीचे डबे मुकादमाच्या डोक्यावर येतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की पापड, खानावळ आणि डबे ही सोपी कामे आहेत. आधुनिक यंत्राच्या कारखान्यात किंवा संगणकाच्या कचेरीत असे चालणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तर याच धंद्यातले आहे. १९५३ साली, अहमदाबाद मुंबई राज्यातच होते त्या काळात, कॅलिको गिरणीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. गिरणीने नवे स्वयंचलित साचे घेतले होते आणि तरीही उत्पादन वाढत नव्हते. २२४ साच्यांवर २९ माणसे होती आणि त्यांच्या कामांचे बारा निराळे प्रकार पाडलेले होते. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरते पाही. साचा बंद पडला तर तो कोणाचा, हे ठरेना. राइस यांनी सुचवले, की साच्यांचा एक गट माणसांच्या एका छोट्या गटाकडे सोपवावा आणि आतली वाटणी त्यांनीच करावी. ही कल्पना कामगारांनी उचलली आणि गट कसे पाडायचे ते त्यांनी स्वतःच ठरवले. आरंभीच्या काही अडचणींनंतर उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून हा प्रयोग जगभर शिकवला जातो, मुंबईच्या महाविद्यालयांतूनही. तो आपल्याच जुन्या राज्यातील विणकरांचा आहे, हे शिकवताना सांगितले जाते की नाही, कोण जाणे.

सध्या परळच्या त्याच काचेच्या इमारतींत सकाळी सातच्या आत आणखी एक हजेरी होते. झाडलोट करणारे, पहारेकरी, लिफ्ट चालवणारे, कॅन्टीनची पोरे. ही माणसे कंत्राटदाराची. त्यांच्यावर एक सुपरवायझर असतो. आज कोणाला काम द्यायचे, कोणाला परत पाठवायचे, हे तो ठरवतो. नव्याला तोच गावाकडून आणतो आणि काही ठिकाणी पहिल्या पगारातून काही रक्कम त्याच्या हाती जाते. दस्तुरी हा शब्द तेवढा कोणी वापरत नाही. जुन्या जॉबरला चाळीत राहावे लागे आणि कामगारांच्या नजरेला नजर द्यावी लागे. हा सुपरवायझर सहा महिन्यांनी दुसऱ्या इमारतीवर जातो. साचा लावून देण्याचे कसबही त्याच्यापाशी नाही, कारण त्याच्याकडून कोणी ते मागितलेले नाही. वरच्या मजल्यावर नेतृत्वविकासाचे शिबिर भरते तेव्हा खुर्च्या मांडून देण्याचे काम याच्या माणसांकडे असते. शिबिरार्थींच्या यादीत त्याचे नाव घालावे, असे अजून कोणाला सुचलेले दिसत नाही.

राइस यांच्या प्रयोगाची फेरतपासणी त्यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० साली, म्हणजे सतरा वर्षांनी, केली. एका ठिकाणी गट जवळजवळ मूळच्या रूपात टिकून होते आणि त्यांचे काम चांगले चालले होते. इतर ठिकाणी बाजारातील मागणी बदलली, सुताचा आणि कापडाचा प्रकार बदलत गेला, गडबड वाढली तसे वरच्या अधिकाऱ्यांनी गटांच्या आतल्या कामात लक्ष घालायला सुरुवात केली आणि हळूहळू जुनी पद्धत परत आली. तिथल्या विणकरांनी गट मोडण्याची मागणी केलेली नव्हती.